शेवटची बस पाच दहाची

अठरा हजार दोनशे युरो.
मावशीचं सरोवराकाठचं नावघर विकून
माझ्या वाट्याला आले तेवढे.

इंद्रेक म्हणतो, गाडी घे.
चोपन्नाव्या वर्षी बसथांब्यावर उभी असतेस,
पाठीवर सात किलोंची हत्यारं, भुवयांवर बर्फ;
भावाला बघवत नाही, म्हणतो.
त्याने एक हेरूनही ठेवली आहे, राखाडी,
एका पाद्र्याने वापरलेली, हिवाळी टायरांसकट.
(पाद्र्याची, म्हणजे हळू चालवलेली. हे तो दोनदा सांगतो.)

मी पियानो लावते.
तार्तूपासून सरोवरापर्यंत
जिथे जिथे थंडीने पियानो उतरतो, तिथे जाते.
शाळा, वाचनालयं, मुस्तवेच्या कांदेवाल्या म्हाताऱ्या,
ज्यांच्या पियानोवर कांद्यांच्या माळा सुकत असतात.
एकेका सुराला तीन तारा.
तिन्हींची एक व्हायला हवी.
एखादी केसभर ढळली
तर सूर बादलीतल्या पाण्यासारखा हलतो.
ते हलणं ऐकण्याचे मला पैसे मिळतात.

आणि डॉक्टरीणबाईंनी कागदावर रेघ दाखवली,
उजवीकडे टेकडी उतरावी तशी उतरणारी.
अजून कामाचे आहेत कान, म्हणाल्या.
त्यातलं "अजून" मी घरी घेऊन आले.
गाडीची किंमत दरवर्षी उतरते.
कानांचीही.

म्हणून उर्मासच्या तळघरात गेले.
अक्रोडाच्या लाकडाचे दोन स्पीकर, माझ्या खांद्याला लागणारे,
आणि काचेच्या दिव्यांचा अँप्लिफायर,
चुलीत निखारा उरावा तसा.
सोळा हजार. वायर वेगळी.
चांदीच्या त्या वायरीची किंमत ऐकून हसू आलं:
बरोबर चार टायर.

काहीतरी आपल्याकडचंच लावतो, उर्मास म्हणाला.
सीडीच्या पेटीला चीर गेलेली.
आधी खोली ऐकू आली.
उंच छत, ओला दगड,
कुणीतरी मफलर सोडला,
मग पेडलची कुरकुर,
आणि ती मी ओळखली
पाकिटावरचं अक्षर ओळखावं तशी.

आलात्स्किवीचं चर्च. सत्त्याण्णवचा डिसेंबर.
वाजवत होती हेल्वी.
पियानो लावला होता मी.

मधल्या सप्तकात, एकाच सुरात,
तिसरी तार ढळलेली.
इतकी थोडी, की सत्तावीस वर्षांत कुणी बोललं नाही.
माझ्या स्वयंपाकघरातला रेडिओही नाही.
अक्रोडाच्या पेट्यांनी मात्र तोंडावर चहाडी केली.

तेव्हाही ऐकली होती मी ती.
किल्ली हातात होती.
भिंतीवर पाचला पाच कमी,
थांबा टेकडीखाली, वाट निसरडी,
तार्तूची शेवटची बस पाच दहाची.
कानाआड केलं. पिशवीची चेन ओढली.

उर्मासला वाटलं संगीताने माझे डोळे भरले.
आदराने त्याने आवाज थोडा वाढवला.

घरी वहीत दोन रकाने आखले,
डावीकडे गाडी, उजवीकडे स्पीकर.
दोन्हींखाली तीच एक तार लिहावी लागली,
मग पान फाडून चहाच्या कपाखाली ठेवलं.
इंद्रेकचा फोन वाजला. पाद्री थांबणार नाही म्हणे.

शनिवारी आलात्स्किवीला गेले. बसने.
बोलावलं कुणी नव्हतं.
साल्मे किल्ल्यांचा जुडगा घेऊन आली,
पैसे कोण देणार, तिने दारातच विचारलं.
पियानो तोच. तार मात्र
मधल्या काळात कुणीतरी बदललेली,
आणि चांगली लावलेली, माझ्यापेक्षा बरी.
तरी बसले.
आजूबाजूच्या सतरा खुंट्या पिळल्या, सावकाश,
बोटं बधिर होईपर्यंत.

शेवटची बस आता पाच चाळीसला असते.
तीही मी जाऊ दिली.

साल्मेच्या जावयाने कांद्यांच्या गाडीतून सोडलं.
त्याचा रेडिओ बंद पडलेला.
सगळ्या वाटेभर एंजिन एकच सूर धरून होतं,
जरासा उतरलेला.
मी काही बोलले नाही.