शून्य कुठे पुरायचं

विल्युय नदीच्या वरच्या अंगाला, नकाशात ठिपकाही नसलेल्या गावात
दवाखान्याचं नवं यंत्र हात लावला की चावायचं.
चुकार विजेला जायला वाट नव्हती,
म्हणून ती माणसातून जाऊ बघायची.
नर्स तुयारा रबरी हातमोजे घालूनच
लोकांच्या छातीचे फोटो काढायची.

मग शहरातून जुलुस्तान आला,
गाडीत तांब्याचा मुलामा दिलेल्या आठ सळया.
पहिली हातभर आत गेली
आणि घणाखाली घंटा वाजावी तसा आवाज झाला.
खाली माती होती, पण बर्फाला कधीची दिलेली,
हजारो वर्षांत परत न मागितलेली.
त्यानं वाफेनं भोकं पाडली, पोतंभर मीठ ओतलं,
पुन्हा ठोकली, मीटर लावला.
नऊशे ओहम.
हवे होते चार.

आमच्याकडचा वायरमन म्हणाला असता,
अर्थ लागत नाहीये साहेब,
आणि त्याच्यापुढे बोलण्यासारखं काही उरलं नसतं.
जुलुस्तान नुसताच सळईकडे बघत बसला.
त्याच्या मिशीवर श्वास गोठत होता.

त्याच सकाळी शाळेत सारगिलाना
फळ्यावर एक उभी रेघ काढते, तिच्याखाली तीन आडव्या,
एकीपेक्षा एक आखूड,
पायऱ्या उतरता उतरता कुणी विरून जावं तशा.
"ही भूमी. इथे विभव शून्य.
का? आपण तसं धरलं म्हणून."

मुलं उतरवून घेतात. एर्चिम घेत नाही.
"नुसतं धरलं म्हणून?"
"उंचीचं तसंच. टेबल शून्य धर,
मग तुझं खाली पडलेलं खोडरबर उणे सत्तर सेंटिमीटरवर.
खोडरबराला त्याचं काही नाही.
फरक तेवढा खरा, बाकी बोलायची सोय."

तो खिडकीबाहेर बघतो.
शाळा खांबांवर, दवाखाना खांबांवर, सगळं गाव खांबांवर.
घराची ऊब जमिनीला लागली तर जमीन खचते,
म्हणून इथे जो तो तिच्यापासून
कमरेएवढं अंतर राखून राहतो.
शेगडी पेटवतानासुद्धा.

तिसऱ्या दिवशी म्हातारा स्पिरिदोन म्हणाला,
"तळं आहे ना.
वरून गोठतं. तळाचा चिखल कधीच नाही.
नाहीतर मासे कुठे राहतील?"
मीटर कसा वाचतात ते त्याला ठाऊक नव्हतं.
मासे कुठे राहतात ते जुलुस्तानला.

दोघांनी मिळून मीटरभर जाडीचा बर्फ कापला,
मोडीतल्या ट्रॅक्टरांचे लोखंडी पट्टे, एकाला एक जोडून,
काळ्या पाण्यात सोडले.
दवाखान्यापर्यंत चारशे मीटर केबल, डांबावरून डांबावर,
शेवटचा डांब शाळेच्या कुंपणाला लागून.
आकडा थरथरला, थांबला.
तीन पूर्णांक सहा.
लागला.

तुयारानं हातमोजे काढले, यंत्रावर तळवा ठेवला,
ताप उतरलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा,
आणि जरा जास्तच वेळ ठेवला.

महिन्याअखेर चाचणी: शाळेच्या छतावरून बर्फाचं ढेकूळ निसटतं,
जमिनीवर आदळतानाचा वेग काढा.
एर्चिमनं वर लिहिलं होतं:
उंची तळ्याच्या तळापासून मोजली आहे,
आमचं शून्य आता तिथे आहे.
गणित उगाचच चार ओळींनी लांबलं.
उत्तर तेच आलं.

सारगिलानानं बरोबरची खूण केली
आणि लाल पेन तसंच हातात राहिलं.
नवरा हिऱ्यांच्या खाणीवर गेला त्याला अकरा वर्षं.
मुलीचा पहिला दात पडला, तो गेल्यावर दोन वर्षांनी.
छताचा पत्रा बदलला, तो गेल्यावर पाच.
आई गेली, तो गेल्यावर आठ.
हे शून्य कुणी धरलं होतं?

तिनं पुढचा पेपर ओढला.
तळ्यावरचं भोक एव्हाना पुन्हा मिटलं असेल,
केबल त्या बर्फातून सरळ खाली गेलेली,
आणि खाली, मऊ चिखलात,
बाजूनं जाणारा एखादा मासा.