रिटर्न

ग्लॅडिस पिंटो घोरपडीहून रिक्षानं आल्या.
अँप सीटवर ऐसपैस, स्वतः कडेला अवघडून.
अठरा किलो. वर जुनी सतरंजी पांघरलेली.
तपकीर गल्लीतून जिन्यानं वर आणायला
मी आणि खालचा एलईडीवाला नूरुद्दीन.

"आवाज बसतो ह्याचा," त्या म्हणाल्या.
"पहिलं गाणं नीट. दुसऱ्याला
माझ्या हाताखालून सरकतो.
बटण दहावर नेलं तरी
शेजारच्या खोलीतून आल्यासारखा."

माणूस असता तर म्हटलं असतं,
मिठाच्या गुळण्या करा.

पहिला संशय नेहमी गरिबावर: केबल.
बदलली. गिटारही बदलून पाहिली.
दुसरा महावितरणवर. सातनंतर
आमच्या पेठेत दाब एकशे नव्वदला टेकतो.
दोनशे तीस घट्ट धरून ठेवले,
सहाव्या मिनिटाला तेच.

मग मागचं फळकूट काढलं.
आत एक पिवळं प्लेक्ट्रम, झुरळाची अंडी,
आणि बंद केल्यावरही चारशे व्होल्ट
पोटात धरून बसलेले कपॅसिटर.
त्यांना आधी रितं करायचं, सावकाश.
बोंद्रे मास्तर सांगायचे, डावा हात खिशात.
खिसा नसेल तर
खिसा असलेल्या माणसाला बोलाव.

विझलेल्या उदबत्तीच्या काडीनं
एकेका व्हॉल्व्हला टिचकी मारली.
तिसरा किणकिणला.
वाटलं, सापडला चोर.
अडीच हजारांचा नवा घातला, केशरी उजळला,
सहाव्या मिनिटाला आवाज
मान खाली घालून निघून गेला.

तीन दिवस. त्यात गुरुवार, म्हणजे वीजच नाही.
वहीत आकडे मांडत गेलो,
ह्या पायावर एकशे साठ, त्या पायावर दीड,
सगळे जिथे असायला हवेत तिथे.
बरोबर आकड्यांची जी चीड येते
ती चुकीच्यांची येत नाही.

मागे, अगदी खाली, दोन भोकं.
सेंड. रिटर्न.
दोन्हींवर औषधाच्या दुकानातली
पांढरी चिकटपट्टी.

फोन केला. "ह्यात काय लावता?"
"काहीच नाही. कधीच नाही.
नव्वद साली घेतला तो, कोरेगाव पार्कातल्या
देशी परत निघालेल्या जर्मनाकडून,
वर प्रेशर कुकर फुकट.
धूळ जाऊ नये म्हणून पट्टी मीच लावली.
चुकलं का?"

काय सांगू.
की बाई, तुमचा सगळा आवाज
ह्याच भोकांतून जातो.
काही लावलं नसेल तेव्हा
आत दोन पितळी पानं एकमेकांना टेकलेली असतात,
त्या टेकण्यावरून तो पलीकडे उतरतो.
पस्तीस वर्षं कुणी त्यांना हलवलं नाही.
वर काळा थर धरला.
अँप तापला की पान केसभर सरकतं,
आणि थरावर थर येतो.

इतकं नाही बोललो. म्हटलं, उद्या या.

रात्री सेंडमधून रिटर्नमध्ये वीतभर वायर जोडली.
सहावं मिनिट गेलं. दहावं. विसावं.
मग वायर काढली, प्लगवर औषध फवारलं
आणि आत, बाहेर, आत, बाहेर,
चाळीसपर्यंत मोजलं.
पहिल्या दहांना कचकच ऐकू येत होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यात जाड तार छेडली.
फळीवरच्या मीटरचे काटे थरथरले,
खालून नूरुद्दीन ओरडला, "झाला काय?"
त्यांनी अर्धं गाणं वाजवलं,
मग दुसरं, पुरं,
डोळे घड्याळावर.

मग बटण हळूच तीनवर आणलं.
"इतकाच लागतो मला," म्हणाल्या,
"वरती लिमये झोपतात दुपारी.
पण कमी मी करणार. त्यानं नाही."

पावतीवर मी लिहिलं: साफसफाई, तीनशे.
त्या भांडल्या. तीन दिवसांचे तीनशे?
मी पट्टीची गुंडाळी दाखवली,
म्हटलं, ही परत लावू नका,
महिन्यातून एकदा काहीतरी घाला आणि काढा.

"काय घालू?"

काहीही, म्हटलं. वायर असली म्हणजे झालं.