एकशे दहा पौंड

मंतरवाडी फाट्याला, वजनकाट्याच्या पुढं,
गुलाब कुंजीरनं चारशेसात लावली
आणि खाली न उतरताच म्हणाला,
मुलाणी, हिला मोठी कर.

मागं अंजिराची क्रेट, वर हिरवी जाळी.
जन्मतः हवा नसते या गाडीच्या पोटात.
ब्रेक तेलावर. थांबताना फुस्स करत नाही,
म्हणून दिवेघाटात कंटेनरवाले तिला मोजत नाहीत
असं त्याचं म्हणणं.
तीन कर्णे पाहिजेत.
म्हटलं, कर्णे मागाहून. आधी फुप्फुस.

चेसिसच्या डाव्या अंगाला, सायलेन्सरपासून दोन वीत लांब
टाकी आवळली. बुडाला ड्रेन कॉक,
कारण हवेलाही घाम येतो
आणि तो पोटात ठेवला की लोखंड खातो.
कॉम्प्रेसर सीटखाली. रिले. तीस ॲम्पियरचा फ्यूज.
स्विच असा, की पंच्याऐंशीला उठतो
आणि एकशे दहाला झोपतो.
निळ्या नळीला उष्णतेचा राग,
तिला कोपऱ्यावर जुन्या रबराची चड्डी घातली.

मग मगात धुण्याची पावडर.
मोसीन ब्रश घेऊन प्रत्येक जोडाला फेस लावत गेला.
पाचव्या जोडावर एक बुडबुडा फुगला,
त्याच्या खांद्यावर दुसरा.
कानाला काहीच कळलं नसतं.
उघडलं, टेप फिरवली, परत आवळलं.
फेस नुसता बसून राहिला, म्हशीसारखा.

माझ्या डाव्या कानात अकरा वर्षं रातकिडा आहे.
हडपसरची डॉक्टरीण म्हणाली, हा आता भाडेकरू नाही, मालक.
तेव्हापासून टेस्टिंगला मी तोच कान पुढं करतो.
गेलेल्याचं काय जायचंय.

गुलाबनं बटण दाबलं.
काट्यावरचा कारकून चहासकट बाहेर आला.
रसवंतीचा घुंगरू थांबला.
समोरच्या गोडाऊनचं शटर थरथरून काहीतरी म्हणालं.
आणि शेहेचाळीस वर्षांचा गुलाब हसला,
जन्मात पहिल्यांदा कुणी ओ दिल्यासारखा.
गावात दाबू नकोस, मी म्हटलं.
हो हो, म्हणाला, आणि फाट्यावरच दाबला.

सव्वा महिन्यानं आला. कर्ण्यांच्या जागी तीन भोकं.
फुरसुंगीच्या पुलाखाली पथकानं धरलं,
पावती फाडली, पाना त्याचाच मागून घेतला.
मोबाईलमध्ये फोटो होता,
मैदानात शेकडो कर्णे आणि त्यांच्यावरून रोडरोलर.
पत्र्याच्या पोळ्या.
यातले तुझे कुठले?
तो स्क्रीनवर बोट फिरवत राहिला, मोठं करून, बारीक करून.

कपाटात दुसरा सेट होता. किल्ली खिशातून काढलीसुद्धा.
तो म्हणाला, ते नको. भोक बुजव.
दहा मीटर नळी दे, तोंडाला बंदूक.

का रे?
परवा पहाटे वडकीच्या अलीकडं एक पोरगी,
हॉस्पिटलचा डगला, स्कूटी ढकलत होती.
हवा भरून दिली. किती द्यायचे म्हणाली.
मला आकडाच सुचेना.
मग मार्केट यार्डात हमालांच्या हातगाड्या आल्या, सहा चाकं,
एका पोराचा फुटबॉल, त्याला सुई मिळाली नाही.
अंजिरावरची धूळ तेवढी फुंकायची नाही, म्हणाला,
साल फाटते. अर्धं क्रेट गेलं.

पितळी प्लग मारला. टेप पाच वेढे. फेस लावला.
बसला.

आता ही तार काढू ना?
नको, म्हणाला. घाटात ते दुसरं वळण आलं
की अंगठा आपोआप जातो. जाऊ दे त्याला.

तो पलीकडं रस प्यायला गेला.
मी केबिनमध्ये चढून बटण दाबलं.
खाली वाल्व वाजला, टक्,
मुंगीनं दार ठोकावं तेवढा.
नीट आलं नाही ऐकायला.
मोसीनला म्हटलं, तू दाब,
आणि चेसिसखाली आडवा होऊन
उजवा कान लावला.