धर्मकाटा, वडनेर रोड

सकाळी सात वाजता बटण दाबलं
की हा आधी घसा खाकरतो.
मग काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं:
तारीख तपासा, पुढं जायला एफ-वन दाबा.
मी दाबतो. एकोणीस वर्षं दाबून राहिलो.
त्या बटणावरचा एफ पुसून गेला, वन तेवढा उरला.

मग उजव्या कोपऱ्यात उगवते
एक जानेवारी दोन हजार दोन.

आतला सेल मेला आहे, शर्टाच्या गुंडीएवढा.
तीस रुपयांचा. घड्याळवाल्या लतीफकडे मिळते.
"बदलून काहून नाही टाकत, बोबडे?" मुनीम विचारते.
पण झाकण उघडलं, आणि पुन्हा सुरूच नाही झाला तर?
ज्यानं काट्याचा प्रोग्राम लिहिला तो झोटिंगांचा प्रवीण
मॉनिटरच्या कडेला स्केचपेननं नंबर लिहून गेला.
नंबर लागतो. उचलते यवतमाळची कोणी बाई.
आता ओळखीची झाली. पोळ्याला आठवणीनं फोन करते.

शेठच्या पोरानं मागच्या हंगामात नवा आणला,
पापडासारखा पातळ.
काट्याची नऊ टाचण्यांची वायर हातात घेऊन मी
त्याच्या चारी बाजूंनी फिरलो, नवरदेवाला ओवाळावं तसा.
कुठंच भोक नाही.
तीन तास. कापसाच्या गाड्या नाल्याच्या पुलापर्यंत.
शेवटी ह्याच्यावरचं पोतं काढलं,
फुंकर मारली, एफ-वन.
नवा आता हापिसात असते. त्याच्यावर क्रिकेट दिसते.

पुतणी तेजस्विनी, पॉलिटेक्निकची, म्हणते,
काका, ज्यांनी बनवला त्यांनीच सोडून दिला याला,
आता कोणीही घुसू शकते याच्यात.
म्हटलं, घुसंल कुठून? याला ना नातं ना गोतं.
एक वायर काट्याकडे, एक प्रिंटरकडे, एक भिंतीत.
घुसलीच तर पाल.
घुसली होती, अकरा साली. वासावरून समजलं.

ती हसली नाही.
म्हणाली, ज्या दिवशी हा जाईल
त्या दिवशी सगळी वजनं घेऊन जाईल.

हे मला रात्री दोनला आठवलं.
तेव्हापासून कार्बनची प्रत पत्र्याच्या पेटीत ठेवतो.
जांभळी अक्षरं, पिन मारून छापलेली,
अंधारात बोट फिरवलं तरी लागतात.

एकदा तारीख लावायचीच राहिली. लाइन जाऊन आली होती.
अकरा गाड्या दोन हजार दोनमध्ये तोलल्या.
वणीचा आसिफ पावती घेऊन परत आला:
"काका, या तारखेले तर मी जन्मलोच नोहोतो."
चढव म्हटलं पुन्हा.
बारा हजार तीनशे चाळीस.
पावतीवरही बारा हजार तीनशे चाळीस.
मुनीमनं तारखेवर निळी रेघ मारली.
वजनाला हात लावला नाही.

तर रोज सकाळी मीच याला वर आणतो.
वर्षाच्या चौकटीत वरचा बाण:
तीन, चार, पाच.
सहा, इथं लागलो, मिशी काळी होती.
सात, आठ, हे भराभर जातात.
अकरा, पाल.
सोळा, दोन दिवस शेठ खोलीबाहेर आला नाही.
वीस, काटा रिकामा, त्यावर मधोमध कुत्रं झोपायचं,
पडद्यावर शून्यच.
वीस किलोच्या खालचं हा धरत नाही.
चोवीस. पंचवीस. थांब.
कधी बोट एक जास्त पडते
आणि मी पुढच्या वर्षात जाऊन उभा राहतो.
तिथं एकही गाडी नाही.
घाईनं मागं येतो.

बाहेर हॉर्न वाजते.
रात्रभराचं दव आहे काट्यावर.
थांब रे बावा,
आधी शून्य करून घेतो.