शेरा

चिखलडोंगरीत घरं एकशे एकेचाळीस.
अ‍ॅप प्रत्येक दारात तेच विचारतं:
वय किती, छत कशाचं,
पाणी किती पावलांवर, एकटं कोण राहतं.
मग आत काहीतरी गोल गोल फिरतं
आणि घराला रंग येतो.

साठीच्या वर तीन गुण. पाचाच्या आत तीन.
पोटुशी असेल तर दोन.
कवेलूचं छत, एक.
स्लॅब, शून्य.

यादोराव गुरनुल्यांना वय विचारलं.
"बोडी फुटली त्या साली म्या बैलं राखत होतो. लिही."
मी एक्क्याऐंशी लिहिलं. घर लालभडक.
ते मात्र सांदवाडीत मोहाखाली,
ओलं पोतं अंथरून, मीठ टाकलेली पेज पीत.
"मले काहून लाल केलं बाई?
अकराच्या आत मी सावलीत येतो.
पाखरंबी येतात."

सायत्रा तेंदूच्या पानाला जाते
कोंबड्याच्याही आधी.
परतते तेव्हा सावली टाचेखाली गेलेली,
आणि मग बसते पुडे बांधत,
सत्तर पानांचा एक, असे दोनशे,
फळीवर नेऊन मोजून द्यायचे, तेही उन्हातच.
वय चौतीस. गुण शून्य.
दुपारी तुम्ही कुठे असता,
हा प्रश्न कुणी घातलाच नाही.

आणि अंतकला.
घरकुलाचं घर, भिंतीवर योजनेचा आकडा निळ्या रंगात.
दिवसभर ती जावेच्या कुडाच्या घरात बसायची,
रात्री आपल्या दाराला कडी लावायची.
स्लॅबनं दिवसभर गिळलेलं ऊन
रात्रभर खाली उतरत राहायचं.
नवतपा होता. लाइट साडेदहाला गेली.
सकाळी कडी आतूनच होती.
कागदावर लिहिलं, हृदयविकार.
वय बावन्न. घर हिरवं.
आता सदस्यसंख्या शून्य केली
तर अजूनच हिरवं होतं.

बैठकीत डॉक्टर म्हणाले, नकाशा चांगला आलाय,
लाल वस्तीत ओआरएस आधी पोचेल.
पोचतंही. मी स्वतःच नेते.
पिंकीचं सात महिन्यांचं बाळ त्याच लालमुळे
वेळेवर दवाखान्यात गेलं, हे मी विसरत नाही.

फॉर्मच्या तळाशी शेरा नावाची एक चौकट आहे.
चाळीस अक्षरं मावतात.
सायत्राच्या घरी लिहिलं: बाई दुपारी घरी नसते.
अंतकलाच्या: हे घर रात्री तापतं.
जतन झालं, असं आलं.
रंग हलला नाही.

एकशे बाराव्या घरापाशी पडदा काळा झाला:
फोन जास्त तापला आहे,
थंड होईपर्यंत वापरता येणार नाही.

मी परत मोहाखाली आले.
यादोरावांनी फोनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
पेजेचा गडवा पुढे सरकवला.
"तू पे आधी.
मंग त्यालेबी दे घोटभर."