मागे सांगा

पहाटे सव्वापाचला अरेंजा कॉर्नरला जमतो आम्ही, अकरा जण.
दळवीसाहेब प्रत्येकाचा ब्रेक स्वतः दाबून बघतात.
मागचा लाल दिवा लागत नसेल तर
"चहा प्या नि घरी जा", एवढंच.

मग पाम बीच.
रांग लागली की रस्ता दिसत नाही,
दिसते पुढच्याची पाठ
आणि पाठीमागे आलेला त्याचा हात:
तळवा उघडा, म्हणजे थांबतोय.
बोट खाली, म्हणजे खड्डा.
स्लॅबच्या दिवशी घमेली सरकतात ना,
तसा खड्डा हातोहात शेवटापर्यंत जातो.

त्या रविवारी मी सहावा. सातवी शर्वाणी घरत.
सीवूड्सचा सिग्नल मागे पडला
आणि पुढचं बोट खाली गेलं.
मी पाहिलं. चुकवलं.
हात मात्र हँडलवरच राहिला.

दम लागला होता, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं.
खरं तर मला, बेचाळीस वर्षांच्या घोड्याला,
पुढच्या चाकाला चिकटून राहायचं होतं.
एक हात सोडला असता तर
वीतभर मागे पडलो असतो.
वीतभर.

आवाज फार नव्हता,
ओट्यावरून कुकरचं झाकण पडावं तेवढाच.
मग तिची पाण्याची बाटली
एकटीच घरंगळत माझ्या पुढे गेली.

हेल्मेट तडकलं, डोकं वाचलं.
हासळीचं हाड, सात आठवडे.
नेरूळच्या दवाखान्यात तिने विचारलं,
"पुढे कुणालाच दिसला नव्हता का हो तो?"
मी मोसंबी सोलत राहिलो.
बराच वेळ. एकच मोसंबी.

आता मी ओरडतो. खड्डा, खडी, कुत्रं,
उघडू पाहणारं रिक्षाचं दार.
पुढच्याशी अख्ख्या सायकलीचं अंतर ठेवतो.
परवा सोसायटीच्या जिन्यात फुटकी लादी आली
तर हात आपसूक पाठीमागे गेला,
भाजीची पिशवी घेतलेली बायको म्हणाली,
"दिसतंय मला."

शर्वाणी परत आली. माझ्याच मागे असते.
"खड्डाऽ" मी म्हणतो,
"खड्डाऽ" ती म्हणते,
मग एकेक आवाज बारीक होत जातो
आणि शेवटच्या भोईरांची घंटा वाजते:
पोचलं.

परतताना डाव्या हाताला तिवरं, ओहोटीचा वास.
ती दोन हातांवर मागे आहे.
एक गोष्ट अजून
माझ्यापाशीच अडकून राहिली आहे.