बदल निरंक

महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दौलतगंजात जाते,
पिशवीत फॉर्म, दोन बॉलपेनं, पाण्याची बाटली.
लछवानीकडे चौदाशेचा पंखा असायचा,
तो आता येत नाही.
त्याच्या जागी बत्तीसशेचा, रिमोटवाला,
वीज निम्मी खातो.
कार्यालयाचा हिशेब : वाढले त्यातले तेराशे सुधारणेचे,
उरली ती महागाई.
लछवानी हसतो, "मैडम, हवा तो वही है."
जेठातल्या ग्वाल्हेरची हवा.
ती मी कुठं लिहू?

माझ्या चपलेचा अंगठा तीन महिन्यांत तुटला.
आधीची दोन वर्षं गेली होती.
याला रकाना कोणता, साळगावकर साहेबांना विचारलं.
"तीच कंपनी, तोच नंबर.
लिहा : बदल निरंक."

लिहिलं. रागही आला.
पण घरी बाबा आहेत.
त्यांचं पहिलं कानाचं यंत्र साडेतीन हजारांचं,
नुसतं शिट्टी मारायचं.
नवं अठ्ठावीस हजारांचं.
परवा पहाटे नळाला पाणी आलं,
मी उठायच्या आत त्यांनी बादली लावली
आणि तिथंच उभे राहिले,
"किती मोठ्यानं पडतंय गं."

वरच्या साडेचोवीस हजारांत
हे किती आणि लूट किती,
मला वेगळं काढता येईना. आणि हे तर माझं कामच.

हप्ते माझ्या पगारातून जातात.
महागाई भत्ता ठरतो त्याच आकड्यावर
ज्यात कुठंतरी लछवानीचा पंखा फिरतोय.
या वेळी तीन टक्के.
सवयीनं बाबांना ओरडून सांगितलं.
"ओरडू नकोस," म्हणाले,
"ऐकू येतं."